विश्लेषण : परदेशातून परतताना संसार कस्टम्समध्ये का अडकतो?

माणूस विमानाने एका दिवसात घरी पोहोचतो. त्याचे बिऱ्हाड बोटीने दीड-दोन महिन्यांनी येते आणि न्हावा शेवाला कागदांसाठी थांबते. परदेशातून कायमचे परतणाऱ्यांना घरसामानावर सीमाशुल्क माफ करणारा नियम भारतात आहे. तरीही अनेकांना ऐनवेळी शुल्क, गोदामभाडे आणि हेलपाटे सोसावे लागतात. सवलत मिळावी यासाठी जे सिद्ध करावे लागते, ते कोणी आधी सांगितलेले नसते, हे त्याचे मुख्य कारण.

अमेरिकेने १९ सप्टेंबर २०२५ रोजी नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर केल्यापासून ‘परत यायचे का?’ हा प्रश्न अनेक मराठी घरांत पुन्हा निघाला आहे. नोकरी गेलेल्या एच-१बीधारकाला नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यातच घराचा करार मोडायचा, गाडी विकायची, मुलांचे दाखले काढायचे आणि सामान बांधायचे. भारतातले नियम वाचायला उसंत कोणाला असते? ते वाचले जातात ते सामान बंदरात अडकल्यावरच.

सवलत नेमकी काय आहे?

फेब्रुवारी २०२६ पर्यंत लागू असलेल्या ‘बॅगेज नियम, २०१६’ मध्ये ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’, म्हणजे वास्तव्य बदलून भारतात येणाऱ्यांसाठी स्वतंत्र तरतूद होती. एजंट तिला ‘टीआर’ म्हणतात. माणूस किती काळ बाहेर राहिला, त्यावर शुल्कमाफीची मर्यादा ठरते.

त्या नियमांत तीन ते सहा महिने परदेशात काम करून परतणाऱ्याला ६० हजार रुपयांपर्यंतचे घरसामान शुल्काविना आणता येत होते. सहा महिने ते एक वर्षासाठी ही मर्यादा १ लाख होती. मागच्या दोन वर्षांत किमान एक वर्ष बाहेर काढले असेल तर २ लाख आणि सलग दोन वर्षे किंवा अधिक वास्तव्य असेल तर ५ लाख रुपये, अशी मर्यादा होती. शेवटच्या दोन गटांत आणखी एक अट होती. मागच्या तीन वर्षांत ही सवलत घेतलेली नसावी.

मर्यादेवरच्या किमतीवर ३५ टक्के सीमाशुल्क आणि त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, असे एकूण ३८.५ टक्के भरावे लागतात.

इथे एक गैरसमज सर्रास आढळतो. विमानाने येणाऱ्या भारतीय प्रवाशाला मिळणारी नेहमीची सूट मागाहून बोटीने किंवा कार्गोने येणाऱ्या सामानाला लागू होत नाही. ‘टीआर’ मिळाली नाही, तर अशा सामानातले वापरलेले कपडे आणि रोजच्या गरजेच्या वैयक्तिक वस्तू तेवढ्या सुटतात. बाकी सगळ्यावर शुल्क लागते. मोटार तर कायद्याने ‘बॅगेज’मध्येच मोडत नाही. आणि अमेरिकेतली डाव्या स्टिअरिंगची गाडी आणण्याचा विचार मुळातच सोडून द्यावा.

दिवसांचा हिशेब कुठे चुकतो?

सर्वांत मोठ्या मर्यादेच्या गटासाठी दोन वर्षांचे वास्तव्य पुरे नाही. त्या दोन वर्षांत भारतातल्या सगळ्या छोट्या भेटी मिळून सहा महिन्यांपेक्षा जास्त भरता कामा नयेत. बहुतेकांची गाडी इथे अडते.

एक उदाहरण घेऊ. समजा, २०१६ च्या नियमांच्या काळात नाशिकचा एक तरुण अभियंता न्यू जर्सीत चार वर्षे नोकरीला होता. वडिलांची बायपास झाली म्हणून तो चार महिने नाशिकला राहून काम करत होता. पुढच्या वर्षी भावाच्या लग्नाला आला आणि पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का मिळेपर्यंत तीन महिने अडकला. मग तो कायमचा परतला. सामानाची किंमत टीव्ही वगळून ४ लाख २० हजार ठरली.

चार वर्षे बाहेर, सामान ५ लाखांच्या आत, म्हणजे शुल्क शून्य, असे त्याने गृहीत धरले. पण शेवटच्या दोन वर्षांत तो सात महिने भारतात होता. त्यामुळे तो ५ लाखांच्या गटातून निघून २ लाखांच्या गटात गेला. उरलेल्या २ लाख २० हजारांवर ३८.५ टक्के, म्हणजे ८४ हजार ७०० रुपये. एका महिन्याच्या फरकाची ही किंमत आहे आणि तो महिना त्याने मौजमजेत घालवलेला नाही.

हे दिवस सिद्ध कसे करायचे, हा पुढचा प्रश्न. पासपोर्टवरचे शिक्के हा नेहमीचा पुरावा. पण अमेरिका देश सोडताना शिक्का मारत नाही. सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियात नोंदी संगणकावर गेल्या आहेत. मध्येच पासपोर्ट बदलला असेल, तर जुना पासपोर्टही लागतो आणि तो बऱ्याचदा बोटीने निघालेल्या खोक्यांतच भरलेला असतो! अमेरिकेतून परतणाऱ्यांनी आय-९४ च्या संकेतस्थळावरून ये-जा केल्याचा इतिहास निघण्यापूर्वीच छापून घ्यावा.

घरसामान म्हणजे कोणते?

२०१६ च्या नियमांना तीन परिशिष्टे जोडलेली होती. पहिल्यात कोणत्याही सवलतीत न बसणाऱ्या वस्तू होत्या. ठरावीक मर्यादेबाहेरची दारू आणि सिगारेट, दागिन्यांखेरीजचे सोने-चांदी आणि एलसीडी, एलईडी, प्लाझ्मा असे सगळे सपाट पडद्याचे टीव्ही. दुसऱ्यात डिशवॉशर, ३०० लिटरपेक्षा मोठा फ्रिज, डीप फ्रीझर, होम थिएटर, व्हिडीओ कॅमेरा. यांनाही ‘टीआर’ची शुल्कमाफी नव्हती. तिसऱ्यात ‘टीआर’खाली आणता येणाऱ्या वस्तू होत्या. वॉशिंग मशिन, मायक्रोवेव्ह, एसी, लॅपटॉप, ३०० लिटरपर्यंतचा फ्रिज आणि त्यांच्याच पंगतीला व्हिडीओ कॅसेट रेकॉर्डर, फॅक्स मशिन आणि वर्ड प्रोसेसर.

म्हणजे २०१६ मध्ये लिहिलेला नियम फॅक्स मशिन सोडत होता आणि दिवाणखान्यातला टीव्ही अडवत होता. टीव्हीबाबत कारण होते. रुपया घसरत असताना ऑगस्ट २०१३ मध्ये सरकारने सपाट टीव्हीवरची सूट काढून घेतली, कारण बँकॉक-दुबईहून येणारे प्रवासी बॅगेबरोबर टीव्ही आणत होते. पण तोच निकष चार वर्षे वापरलेल्या घरच्या टीव्हीलाही लागत होता. अधिकाऱ्याने त्याची किंमत ४० हजार धरली, तर शुल्क १५ हजार ४०० रुपये. तेवढ्या पैशांत भर घातली, तर इथे नवा टीव्ही येतो.

तिसऱ्या परिशिष्टातली यंत्रे अमेरिकेतून आणण्यातही फारसा अर्थ नसतो. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झची, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवता येते, हर्ट्‌झ नाही. मोटर असलेली यंत्रे त्यामुळे नीट चालत नाहीत किंवा लवकर बिघडतात. दुबईचा वीजपुरवठा मात्र आपल्यासारखाच ५० हर्ट्‌झचा आहे.

ड्रोन आणू नये. फेब्रुवारी २०२२ पासून त्यांच्या आयातीवर बंदी आहे. लाकडी पेटी वापरायची असेल, तर तिच्यावर लाकडावर कीडनाशक प्रक्रिया केल्याचा ‘आयएसपीएम-१५’ शिक्का हवा.

कागद कोणते आणि अडतात कुठे?

पासपोर्ट, परदेशातला व्हिसा किंवा निवास परवाना, नोकरी सोडल्याचे पत्र, परतीचा बोर्डिंग पास, बोटीच्या कंपनीचे ‘बिल ऑफ लेडिंग’, किमतींसह पॅकिंग लिस्ट आणि कस्टम्स ब्रोकरच्या नावे अधिकारपत्र. यादी लांबलचक वाटत नाही. अडचण या कागदांचे एकमेकांशी जुळण्यात आहे.

पहिली अडचण नावाची. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव असते. परदेशात मधले नाव गळते. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदलले, पण तिथल्या बँकेत आणि नोकरीत जुनेच राहिले, असे बायकांच्या बाबतीत नेहमी होते. बुकिंग त्याच नावाने झाले, तर बिल ऑफ लेडिंगवरची व्यक्ती आणि पासपोर्टवरची व्यक्ती वेगळी दिसते. बोट निघाल्यावर ही दुरुस्ती करायची तर शिपिंग कंपनी वेगळे पैसे आणि वेळ घेते. म्हणून मसुदा हातात येताच नाव अक्षर न्‌ अक्षर तपासावे.

दुसरी अडचण पॅकिंग लिस्टची. पॅकर्सची माणसे खोक्यावर ‘किचन’, ‘मिसलेनियस’ असे लिहून मोकळी होतात. अधिकाऱ्यासाठी ‘मिसलेनियस’ म्हणजे उघडून पाहण्याचे खोके. प्रत्येक खोक्याला क्रमांक, आत काय, किती नग, केव्हा घेतले, वापरलेले की नवे आणि आजची अंदाजे किंमत, एवढे लिहिलेले असले की तपासणी सोपी जाते. महागड्या वस्तूंची बिले जपून ठेवावीत. किंमत शेवटी अधिकारी ठरवतो. बिल नसेल, तर त्याच्या अंदाजाशी वाद घालायला हातात काहीच राहत नाही. किंमत मुद्दाम कमी दाखवणे किंवा वस्तू लपवणे मात्र महागात पडते. सीमाशुल्क कायदा, १९६२ नुसार माल जप्त होऊ शकतो आणि दंडही होतो.

तारखांची दोन बंधने

सोबत न आणलेल्या सामानाला तारखेची दोन बंधने आहेत. सामान प्रवाशाच्या आधी निघाले, तर ते त्याच्या आगमनापूर्वी दोन महिन्यांहून जास्त आधी भारतात पोहोचलेले नसावे. मागाहून पाठवायचे असेल, तर प्रवासी भारतात उतरल्यापासून एक महिन्याच्या आत ते तिथून रवाना व्हायला हवे.

कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात बोटीचे वेळापत्रक कोणाच्या हातात नसते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक बोटी आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागल्या. सामायिक कंटेनरमध्ये सामान असेल, तर कंटेनर भरेपर्यंत ते गोदामात पडून राहते. परतणाऱ्याचा जॉइनिंगचा दिवस पुढे गेला, की सामान आधी आणि मालक नंतर, अशी उलटी गत होते.

मालक हजर नसला तर बहुधा काम पुढे सरकत नाही, कारण मूळ पासपोर्ट घेऊन त्याला स्वतः कस्टम्ससमोर यावे लागते. तोवर मीटर चालू असते. शिपिंग कंपनी आणि कंटेनर फ्रेट स्टेशन मोजकेच दिवस मोफत देतात, पुढे रोजचे भाडे लागते. ‘डोअर टू डोअर’ म्हणून घेतलेल्या दरातही बंदरावरचे हाताळणी शुल्क धरलेले असेलच असे नाही. दर घेताना ‘भारतातले सगळे खर्च धरून का?’ हे लेखी विचारावे.

आखातातून परतणाऱ्यांचे काय?

परतीची चर्चा अमेरिकेभोवती फिरते, पण रत्नागिरी-रायगडच्या गावांत परतणारे बहुतांश आखातातून येतात. त्यांचा कंटेनर नसतो. पाच-दहा खोकी कार्गोने येतात आणि सोबत थोडे सोने असते. त्यांना २०१६ च्या नियमाचा फटका सोन्यात बसत होता.

एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या पुरुषाला २० ग्रॅम आणि स्त्रीला ४० ग्रॅम दागिने शुल्काविना आणता येतात. पण २०१६ च्या नियमांत त्याला किमतीचीही मर्यादा होती. पुरुषासाठी ५० हजार, स्त्रीसाठी १ लाख. नियम आला तेव्हा १० ग्रॅम सोने ३० हजारांच्या आसपास होते. २०२५ मध्ये ते १ लाखाच्या पुढे गेले. म्हणजे वजनाने २० ग्रॅमची मुभा असली, तरी ५० हजारांत ५ ग्रॅमही बसत नव्हते. नियमातला ग्रॅमचा आकडा नावापुरता उरला होता. मुलीच्या लग्नासाठी चार वर्षे पैसे साठवून बांगड्या घेतलेल्या माणसाला हे विमानतळावर कळत होते.

आणखी एक प्रसंग असा आहे, ज्यात कागदांची यादी विचारायलाही कोणाला बळ उरत नाही. परदेशात मृत्यू झालेल्या माणसाचे वापरलेले वैयक्तिक आणि घरगुती सामान शुल्कमुक्त आणता येते. त्यासाठी हे सामान मृताचेच होते, असे तिथल्या भारतीय दूतावासाचे किंवा उच्चायुक्तालयाचे प्रमाणपत्र लागते. पार्थिव आणण्याची कागदपत्रे करतानाच हे प्रमाणपत्रही मागून घ्यावे. नंतर गावाकडून ते मिळवणे कितीतरी अवघड जाते.

दिलासा नियमातच, पण ठाऊक कोणाला?

‘टीआर’चे नियम दिसतात तेवढे आंधळे नाहीत. दोन वर्षांच्या वास्तव्यात दोन महिन्यांपर्यंत कमतरता असेल आणि लवकर परतण्यामागे शेवटची रजा किंवा विशेष कारण असेल, तर उपायुक्त किंवा सहायक आयुक्त ती माफ करू शकतात. म्हणजे बाविसाव्या महिन्यात नोकरी गेलेल्या माणसाला सर्वांत मोठ्या मर्यादेच्या गटाचे दार पूर्ण बंद नाही. भारतातल्या भेटी सहा महिन्यांवर गेल्या, तर विशेष परिस्थितीत आयुक्त ते माफ करू शकतात. आजारपण, नैसर्गिक आपत्ती किंवा वाहतूक विस्कळीत झाल्याने दोन महिन्यांची मुदत चुकली, तर ती एक वर्षापर्यंत वाढवून मिळू शकते. शिथिलता नाही ती फक्त ‘तीन वर्षांत एकदाच’ या अटीला.

म्हणजे नाशिकच्या त्या तरुणालाही दाद मागता आली असती. वडिलांच्या शस्त्रक्रियेची रुग्णालयाची कागदपत्रे, व्हिसाच्या अपॉइंटमेंटचे ईमेल, कंपनीचे पत्र जोडून आयुक्तांकडे अर्ज करता आला असता. पण ‘विशेष परिस्थिती’ म्हणजे काय, याची व्याख्या नियमात नाही. निर्णय किती दिवसांत द्यायचा, याची मुदत नाही. अर्जाचा निकाल लागेपर्यंत गोदामाचे भाडे थांबत नाही. अशा वेळी एजंट हमखास सांगतो, ‘साहेब, शुल्क भरून टाका, भाड्यात जास्त जाईल.’ हिशेबाने तो चुकीचा नसतो. त्यामुळे असलेला हक्कही वापरला जात नाही.

उपायुक्त किंवा सहायक आयुक्तांनी सवलत नाकारली, तर कारणांसह लेखी आदेश मागावा. त्याविरुद्ध आयुक्त (अपील) यांच्याकडे ६० दिवसांत दाद मागता येते. तोंडी नकारावर अपील करता येत नाही.

बदलायचे काय?

कस्टम्सची बाजूही समजून घ्यायला हवी. घरसामानाच्या नावाखाली व्यापारी माल आणि सोने आणले जाते, हे उघड आहे. तपासणी नकोच, असे कोणी म्हणणार नाही. पण प्रामाणिक माणसाला आधीच उत्तर मिळेल अशी सोय केल्याने तस्करी वाढत नाही.

पहिली गोष्ट, दिवसांचा पुरावा. भारतातून कोण केव्हा गेले आणि केव्हा आले, याची नोंद सरकारच्या इमिग्रेशन विभागाकडे आहेच. सरकारच्या एका खात्याकडे असलेली माहिती दुसऱ्या खात्याला देण्यासाठी नागरिकाने पासपोर्टची पाने चाळत बसावे, हे कशासाठी? पासपोर्ट क्रमांक टाकला, की माणूस कोणत्या गटात बसतो हे सामान बांधण्यापूर्वी सांगता आले पाहिजे.

दुसरी, सवलतीची विनंती सामान येण्याआधी करता यावी आणि तिचा निकाल ठरावीक दिवसांत लागावा. बोट समुद्रात असते तो दीड-दोन महिन्यांचा वेळ फुकट जातो. निर्णय त्या काळात झाला, तर गोदामाच्या भाड्याचा धाक दाखवून कोणी शुल्क भरायला लावू शकणार नाही.

तिसरी, ‘विशेष परिस्थिती’ची उदाहरणे जाहीर व्हावीत. आईवडिलांचे आजारपण, नोकरी जाणे, व्हिसा रखडणे, युद्ध. ही कारणे वर्षानुवर्षे तीच आहेत.

आणि चौथी, परिशिष्टे आणि रकमा. २०१६ चे नियम २०२६ पर्यंत चालले. सोन्याचा भाव तिपटीहून वर गेला आणि फॅक्स मशिन घरांतून हद्दपार झाले. ५० हजारांची मर्यादा आणि फॅक्सची सूट मात्र तोवर जागच्या जागी होत्या.

तोवर काय करावे? परतायचा विचार मनात आला, त्याच दिवशी एका कागदावर मागच्या दोन वर्षांतल्या भारतभेटींच्या तारखा लिहून दिवसांची बेरीज करावी. खोकी, पॅकर्स, बोटीचा दर हे सगळे नंतर. बेरीज सहा महिन्यांच्या जवळ असेल, तर येण्याची तारीख ठरवायला अजून वेळ असतो. सामान न्हावा शेवाला उतरल्यावर मात्र ती बेरीज बदलत नाही.